गारगोटी आणि प्राणवायू



पुणे, नाशिक, जळगावकडे विहिरीला सुरुंग लावला की काळ्या कातळाच्या पोकळीत कधी कधी पांढरे, गुलाबीसर, पंख्यासारखे स्फटिक चमकतात. गावात सगळ्यांनाच गारगोटी म्हणतात, पण त्यांतले बरेच झिओलाइट कुळातले असतात: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्यांत पुढे क्षारयुक्त गरम पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले. दिवाणखान्यात ठेवायला सुंदर, पण खरी गंमत त्यांच्या पोटात आहे.

सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात इथे आरपार बोगदे असतात, रुंदी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्यांत पाणी असतं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉन्स्टेट या खनिजतज्ज्ञानं असा दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ उसळली. पाणी गेलं तरी सांगाडा सहसा शाबूत राहतो आणि रिकामे बोगदे दुसरं काही धरायला मोकळे होतात. बोगद्यांतला सोडियम सोडून हा दगड कठीण पाण्यातला कॅल्शियम धरतो, म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत त्याला जागा मिळाली. खनिज तेलापासून पेट्रोल काढतानाही तो लागतो. कारखान्यांत मात्र बहुतेक कृत्रिम झिओलाइटच वापरतात. खाणीतला माल तितका एकसारखा नसतो.

२०२१ मध्ये करोनाच्या लाटेत अनेक घरांत आलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आठवतं ना? त्यात याच झिओलाइटचे बारीक मणी भरलेल्या दोन नळ्या असतात. एकीत हवा दाबानं शिरते, नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. तेवढ्यात दुसरी नळी दाब सोडून आपला नायट्रोजन बाहेर टाकते. तो ‘फुस्स’ आवाज त्याचाच. हे मणी म्हणजे चाळणी असं सर्रास सांगितलं जातं, ते इथे पुरतं खरं नाही. दोन्ही वायू त्या बोगद्यांतून आरामात जातात. नायट्रोजनला आतल्या धनभारित कणांची ओढ जास्त, एवढंच. आरगॉनला ती फारशी नाही, तो ऑक्सिजनसोबतच निसटतो, म्हणून हे यंत्र साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

या मण्यांना नायट्रोजनहून जास्त ओढ पाण्याची. माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रातले मणी कोकणातल्या दमट हवेत हळूहळू ओलावा पितात आणि मग नायट्रोजनला जागाच उरत नाही. तुमच्या सोसायटीत असं यंत्र असेल, तर माहितीपुस्तिका पाहून ते अधूनमधून चालवत जा आणि गरज पडण्याआधी ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या.