मत आणि माहिती
(महाविद्यालयीन नियतकालिकांच्या विद्यार्थी-संपादकांपुढे झालेले भाषण)



महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात किंवा वार्षिकात मतप्रदर्शनपर लेख लिहिणे हे केवळ हौसेचे काम समजले जाते. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपास होते. गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहू लागले, ते १८४८ साली, पंचविशीत. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी'चा जन्म झाला तेव्हा टिळक आणि आगरकर या दोघांनाही पंचविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

'केसरी'च्या आरंभकाळातील एक प्रसंग तरुण लेखकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तांनी लोकमत क्षुब्ध झाले होते. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर प्रखर टीका केली. हेतू शुद्ध होता, भाषा तेजस्वी होती. परंतु ज्या पत्रांवर ही टीका उभी होती, ती बनावट ठरली. १८८२ साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. या कारावासाने दोघांची लोकप्रियता वाढली हे खरे. पत्रे त्यामुळे खरी झाली नाहीत.

विद्यार्थी-लेखकाला तुरुंगाचे भय सहसा नसते. त्याच्या लेखणीने दुखावतो तो वसतिगृहाचा अधीक्षक, खाणावळीचा आचारी, ग्रंथालयातील शिपाई. 'जेवण निकृष्ट आहे' हे वाक्य लिहावयास क्षणभर पुरते. दरमहा किती रक्कम घेतली जाते, धान्य कोठून येते, आचाऱ्याला वेतन वेळेवर मिळते काय, हे विचारावयास आठवडा लागतो; आणि अनेकदा चौकशीअंती दोष आचाऱ्याचा नसून रखडलेल्या देयकाचा असल्याचे आढळते. शासकीय महाविद्यालय असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे संबंधित कार्यालयावर बंधनकारक असते. अंक महिनाभर थांबला तरी बिघडत नाही.

मतभेदाचीही एक रीत असते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेनासे झाले तेव्हा आगरकरांनी १८८७ साली 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि पुढील वर्षी 'सुधारक' काढले. महाविद्यालयात फलक बहुधा एकच असतो. दुसरे पत्र काढण्याची सोय नसते. म्हणून ज्याच्यावर टीका झाली त्याचे उत्तर त्याच फलकावर, तितक्याच ठळक जागी लावावे लागते. अधीक्षकांचे उत्तर पुष्कळदा लांबलचक व रुक्ष असते. तरीही ते काटछाट न करता लावावे.