इंग्रजीचा गृहपाठ आणि पालकांचे साह्य



गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतील मूल पुढे माध्यमिक शाळेत जाते, तेव्हा तेथील शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून चालते. गृहपाठ अडला की ते आपल्याकडे पाहते. आणि 'आम्हांस इंग्रजी येत नाही' असे म्हणून आपण त्यास गाइडमधील उत्तर उतरवून घ्यावयास सांगतो. वही भरते, मूल मात्र कोरेच राहते.

वास्तविक इंग्रजी न जाणणारा पालकही साह्य करू शकतो. धड्याचा वा कवितेचा आशय मुलाने घरी मराठीत सांगावा. जेथे ते अडेल, तेथे खूण करून ती ओळ शिक्षकांस विचारावयास सांगावे. व्याकरणाच्या उत्तराचेही कारण विचारावे. तास या अर्थाच्या 'अवर' शब्दापूर्वी 'ॲन', पण 'युनिव्हर्सिटी'पूर्वी 'अ' का? लिहिलेले पाहून उलट वाटते. उच्चार ऐकला म्हणजे उलगडा होतो. पहिल्या शब्दाचा आरंभ स्वराने होतो, दुसऱ्याचा 'य'ने.

शिक्षकबंधूंनीही खुणांची वही पाहून रागावू नये. स्वतः लिहिलेल्या चुकीच्या उत्तरावरून मूल कोठे अडले ते कळते. उतरवलेल्या बिनचूक उत्तरावरून काहीच कळत नाही.