वारेची काळजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



बाळ हलके जन्मले की पहिला बोल आईला लागतो. "हिने खाल्ले नाही, हिने जपले नाही." पण नऊ महिने त्या बाळाला भरविणारी वार कशी होती, हे कोणी विचारीत नाही. वार पडली की पुरून टाकायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध!

पूर्ण दिवसांची वार सुमारे अर्धा किलो भरते. आईच्या रक्तातील अन्न व प्राणवायू ती नाळेवाटे बाळाला पोचविते. ती लहान राहिली, तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद राहिल्या किंवा तिचा काही भाग निकामी झाला, तर बाळाची वाढ खुंटते. पुष्कळदा त्याबरोबर आईचा रक्तदाबही वाढतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. अठराव्या आठवड्यात सोनोग्राफीने वार मोजली. जिची वार लहान, तिचे बाळ हलके. आणि गरोदरपणाआधी जी स्वतःच किरकोळ, तिची वार लहान, असे आढळले. पालेभाज्या, फळे, दूध अधिक घेणाऱ्यांची बाळे वजनदार होती. अतिकष्ट करणाऱ्यांची हलकी.

आता पाहा, आपण डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात. वारेची घडण तर त्याच्या कितीतरी आधी झालेली असते! म्हणून कोडकौतुक लवकर सुरू करा. मुलीचे अंग भरू द्या. अठराच्या आत लग्न नकोच.

आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. कोयत्यावर जाणारी सून गरोदर असेल, तर तिच्या डोक्यावर मोळी देऊ नका. दिवस राहताच नाव नोंदवा, रक्तदाब तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. तपासणीचे कार्ड फडावरही जवळ असू द्या. मेथी, तांदळजा, पेरू आपल्याकडे मिळतात. ते तिच्या ताटात आधी वाढा. मिश्री ही तंबाखूच, ती सोडा. अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मुकादमाच्या परवानगीची वाट न पाहता दवाखाना गाठा.

अडीच किलोहून हलके बाळ झालेच, तर त्याला छातीशी उबेत धरा, अंगावर पाजा, आणि आईला बोल लावू नका. प्रत्येक सासूबाईने एवढे मनावर घेतले, तरी आजच्या दिवसाचे सार्थक झाले.