स्वस्त बोर्ड, फुकट आरटीओएस आणि एक मिलिसेकंद

आज भरे गावातून बोलतोय, मध्येच बाइकचा आवाज आला तर सांभाळून घ्या. एका श्रोत्याचा प्रश्न आहे. एम.ई.चा प्रोजेक्ट, इथेच पिरंगुटला एका वर्कशॉपमधल्या मोटरचं कंपन मोजायचंय. दर मिलिसेकंदाला एक रीडिंग. पैसे स्वतःच्या खिशातले. बोर्ड कुठला घेऊ, आरटीओएस कुठली?

आधी हे बघा, रिअल-टाइम म्हणजे फास्ट नाही. एसटी किती पळते ते सोडा, साडेसहाची गाडी साडेसहालाच येते का? तुमची रीडिंग्ज कधी ०.८, कधी १.३ मिलिसेकंदाने आली, तर एफएफटीमध्ये जो गोंधळ दिसेल तो मोटरचा नाही, तुमच्या कोडचा. आणि तुम्ही तो बेअरिंगचा दोष म्हणून थिसिसमध्ये छापून मोकळे!

आरटीओएसवर एक रुपया घालवू नका. फ्रीआरटीओएस २००३ पासून आहे, आता एमआयटी लायसन्सवर. झेफायर २०१६ चं, तेही फुकट आणि चांगलं, पण डिव्हाइस ट्री आणि के-कॉन्फिग शिकण्यात वेळ जातो. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला मी फ्रीआरटीओएसच घेईन.

विकतची घेतली की सुटलो, असंही नाही हं. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर व्हीएक्सवर्क्स होती, तरी यान सारखं रीसेट व्हायचं. कमी प्रायॉरिटीच्या टास्कने लॉक धरलेलं, मधल्या प्रायॉरिटीची टास्क तिला चालू देत नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाची टास्क ताटकळत उभी. प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केल्यावर ते थांबलं. फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय म्युटेक्सला आहे, बायनरी सेमाफोरला नाही. एवढं लिहूनच ठेवा.

आता बोर्ड. ईएसपी३२ स्वस्त, वाय-फायसकट. पण वाय-फायची टास्क वरच्या प्रायॉरिटीला असते, आणि फ्लॅशमध्ये लिहिताना फ्लॅशमधून चालणारा तुमचा कोड थबकतो. ब्लू पिल त्याहून साधी, पण त्यावर नकली चिप निघतात, रिसर्चला नको. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या थेजस३२ चिपवर एरीज बोर्ड मिळतात. स्वदेशी प्रोसेसर हाच अभ्यासाचा विषय असेल तर जरूर घ्या, नाहीतर आधी तुमच्या कामाची तयार उदाहरणं किती सापडतात ते बघा.

या प्रोजेक्टसाठी माझं मत एसटीएम३२ न्यूक्लिओला. डीबगर बोर्डवरच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, सॅम्पलिंग टास्कमध्ये करूच नका! हार्डवेअर टायमरने एडीसी चालवा, डीएमएने बफर भरा. आरटीओएसकडे फक्त पुढचं काम. २५६ रीडिंग्जचे दोन बफर ठेवा. एक भरला की टास्क उठते, आणि दुसरा भरायच्या आत, म्हणजे २५६ मिलिसेकंदांत, तिने आटपलं पाहिजे.

उरलेल्या पैशात आठ चॅनलचा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या. टास्क सुरू झाली की एक पिन हाय, संपली की लो. एसडी कार्डावर लिहिणं वगैरे सगळं चालू ठेवून रात्रभर मोजा. सरासरी बघू नका, सगळ्यात लांब पल्स किती ते बघा. थिसिसमध्ये तो आकडा द्यायचा.