बीज, क्षेत्र आणि एक संशोधक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकवले. तरीही आज मी एका शास्त्रज्ञाविषयी बोलणार आहे, आणि त्याचे कारण एक मराठी शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'वांझ'.

माझी थोरली आत्या बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात नांदत होती. लग्नाला आठ वर्षे होऊनही मूल नाही, म्हणून घरात सवत आली. सवतीलाही मूल झाले नाही. गावाने दोघींना तोच शब्द लावला. घरात बारसे असले की आत्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटीत बसे. पाळण्याजवळ तिला कोणी बोलावीत नसे. तिच्या यजमानांना मात्र कोणी काही म्हटले नाही. म्हणणार तरी काय? पुरुषासाठी तसा शब्दच रोजच्या बोलण्यात नव्हता. 'नपुंसक' हा शब्द आहे, पण तो समागमाच्या असमर्थतेचा. समर्थ पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात, हे तो सांगत नाही.

या समजुतीमागे एक प्राचीन उपमा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र म्हटले असून, दोहोंत बीज श्रेष्ठ ठरविले आहे. बीज स्वयंपूर्ण, जमीन केवळ धारण करणारी. पीक आले नाही तर जमीन नापीक. ज्यांच्या प्रयोगांनी ही उपमा निकालात काढली, त्या मिन च्युए चँग यांना तिची गंधवार्ताही नसावी.

चँग यांचा जन्म १९०८ साली चीनच्या शान्शी प्रांतात झाला. १९३८ मध्ये शिष्यवृत्तीवर ते ब्रिटनला गेले आणि केंब्रिजला शुक्राणूंवर संशोधन करून १९४१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९४५ मध्ये ते अमेरिकेतील वूस्टर फाउंडेशनमध्ये ग्रेगरी पिंकस यांच्याकडे आले. आले होते वर्षभरासाठी. राहिले ते कायमचे. आरंभी त्यांचा मुक्काम संस्थेच्या इमारतीतच असे, आणि रात्रीची राखणही त्यांच्याकडेच होती.

शुक्राणू आणि बीजांड काचपात्रात एकत्र आणले तरी खात्रीने फलन का होत नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. सशाच्या मादीत समागमानंतर सुमारे १० तासांनी बीजांडे सुटतात. त्यामुळे वेळेचा हिशेब नेमका ठेवता येतो. चँग यांनी ताजे शुक्राणू थेट बीजवाहिनीत सोडले. बीजांडे सुटल्यानंतर सोडले, तर फलन क्वचितच होई. काही तास आधी सोडले, तर होई. म्हणजे चपळपणे पोहणारा शुक्राणूही नुकताच बाहेर पडलेला असताना अपुरा असतो. मादीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच तो फलनास पात्र होतो. हा निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कॉलिन ऑस्टिन यांनाही स्वतंत्रपणे तेच आढळले. या क्रियेला मी मराठीत 'पात्रताप्राप्ती' म्हणेन. पात्र झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले तर ती पात्रता लोपते, हेही चँग यांनी १९५७ मध्ये दाखविले.

१९५९ मध्ये त्यांनी अशा पात्र शुक्राणूंनी काचपात्रात सशाची बीजांडे फलित केली. ती दुसऱ्या माद्यांच्या शरीरात ठेवली, आणि पिल्ले जन्मली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, ती याच वाटेने. संततिप्रतिबंधक गोळीसाठीची द्रव्येही चँग यांनीच सशांवर तपासली होती; अमेरिकेत त्या गोळीला १९६० मध्ये मान्यता मिळाली. मूल हवे असणारे आणि नको असणारे, दोघेही त्यांचे ऋणी आहेत. २०१० मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांना नोबेल मिळाले, तेव्हा चँग यांना जाऊन १९ वर्षे झाली होती.

१९९२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची पद्धत यशस्वी केल्याचे जाहीर केले. त्यामुळे शुक्राणू अत्यल्प असलेल्या पुरुषांनाही पितृत्व लाभू लागले. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, हे आज सर्वमान्य आहे. वीर्यतपासणी सोपी आहे, तरी दवाखान्याची पायरी आधी चढते ती सूनच.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले. तो वारसा आपण पुरता स्वीकारलेला नाही. माझी विनंती एवढीच आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा प्रश्न उभा राहिला, तर तपासणीला दोघांनी एकाच दिवशी जावे. आणि त्या घरात 'वांझ' हा शब्द कोणी उच्चारू नये. आत्या ८१ वर्षांची होऊन गेली. तिच्या यजमानांची तपासणी कधीच झाली नाही.