सामाईक डिस्क आणि आपण
(मंडळाच्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी उत्सवाला आठ दिवस असताना मंडळाची हार्ड डिस्क भरली. तालमीचे चित्रीकरण ठेवायला जागा उरली नाही. घाईत एका कार्यकर्त्याने ‘जुने’ नावाचे फोल्डर पुसून टाकले. त्यात आपल्या एका काकांच्या शेवटच्या नाटकाचे चित्रीकरण होते. काका आज आपल्यात नाहीत आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. पुढे महिनाभर दोन घरांत बोलणे बंद होते.

मंडळाच्या संगणकाचे काम आम्हा तिघांकडे, म्हणून निवाडाही आमच्याकडे आला. पहिली चूक आमचीच होती, हे आधी कबूल करतो. डिस्क सर्वांची होती, पण नियम एकही नव्हता.

हे भांडण आपलेच नाही. विद्यापीठांत एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करत, तेव्हापासूनचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथून १९८३ साली युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती निघाली. तिच्यात ‘डिस्क कोटा’ आला. ते काम मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांचे. प्रत्येकाला दोन मर्यादा असतात. पहिली ओलांडली की सूचना मिळते आणि आवरायला मुदत मिळते. लिनक्समध्ये ही मुदत एरवी ७ दिवसांची असते. दुसरी मर्यादा मात्र ओलांडताच येत नाही. यात महत्त्वाची गोष्ट अशी, की कोटा नवीन लिहिणे थांबवतो, कोणाची जुनी फाइल पुसत नाही.

युनिक्समध्ये ‘टीएमपी’ नावाचे सामाईक फोल्डरही असते. तिथे कोणीही फाइल ठेवू शकतो, पण ती पुसण्याचा हक्क ज्याची त्याला आणि व्यवस्थापकाला. यालाच ‘स्टिकी बिट’ म्हणतात.

आम्ही यातून तीन नियम घेतले. पहिला, आधी मोजायचे, मग बोलायचे. मोजले तेव्हा आरतीचे एकच चित्रीकरण तीन फोल्डरांत सापडले. ज्याच्यावर सर्वांचा संशय होता, त्याचा वाटा सर्वांत कमी निघाला! दुसरा, आपली डिस्क १ टेराबाइटची, म्हणजे सुमारे १००० जीबीची. चार शाखांना प्रत्येकी २०० जीबी आणि उरलेली जागा उत्सवासाठी. १८० जीबी झाले की शाखाप्रमुखांना निरोप, आवरायला ७ दिवस. आपल्या साध्या डिस्कवर हे आपोआप होत नाही, म्हणून दर महिन्याला वहीत नोंद करतो. तिसरा नियम, ज्याची फाइल त्यानेच पुसायची. तो गावाला गेला असेल तर फोन करायचा. व्यवस्थापक म्हणून आम्हालाही पुसता येते, पण विचारल्याशिवाय आम्हीही पुसणार नाही.

यंदा डिस्क पुन्हा भरत आली होती. नृत्यशाखेला निरोप गेला, पाचव्या दिवशी जागा मोकळी झाली. आवाज कोणाचाही चढला नाही.

जागा विकत मिळते. आणखी एक डिस्क आणली असती, तर गेल्या वर्षीचा प्रश्न काही दिवस पुढे गेला असता एवढेच. भांडण जागेचे नव्हते. न विचारता पुसले, याचे होते.

एक विनंती. काकांच्या त्या नाटकाचा एखादा तुकडा कोणाच्या जुन्या मोबाइलमध्ये असेल, तर आणून द्या. त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!