कारखान्यातले घर : किंमत, खर्च आणि गुंतवणूक



१९४८ साली केंद्र सरकारने दिल्लीत घरांचा एक कारखाना काढला. फाळणीत सर्वस्व गमावून पश्चिम पंजाबातून आणि सिंधमधून आलेली हिंदू-शीख कुटुंबे तेव्हा किंग्जवे कॅम्पसारख्या छावण्यांत, तंबूंत आणि बराकींत दिवस काढीत होती. विटा, सिमेंट, गवंडी या सर्वांचाच तुटवडा होता. अशा वेळी भिंती आणि छते कारखान्यात ओतावीत, ट्रकवर घालून न्यावीत आणि जागेवर जोडावीत, म्हणजे घरे झपाट्याने उभी राहतील, ही कल्पना कोणालाही पटावी अशीच होती. गृहनिर्माण हा विषय आरोग्य खात्याकडे होता आणि राजकुमारी अमृत कौर या त्या खात्याच्या मंत्री होत्या. गृहनिर्माण संचालकपदी ओटो केनिग्सबर्गर हे मूळचे जर्मन वास्तुविशारद होते. त्यापूर्वी म्हैसूर संस्थानात त्यांनी मोठे काम केले होते. हेतूविषयी शंका घ्यावी असे त्या योजनेत काहीच नव्हते.

तरीही ती योजना फसली. काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे निर्माण करून हलक्या केलेल्या त्या तक्त्यांना तडे जाऊ लागले. घर स्वस्त पडेल हा अंदाजही खरा ठरला नाही. टीका झाली, आणि १९५१ साली केनिग्सबर्गर भारत सोडून गेले. कारखाना मात्र राहिला. पुढे तो ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी’ आणि नंतर ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ या नावाने ओळखला गेला. तेथे विजेचे खांब आणि रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर तयार झाले. ज्या वस्तूचा एकच साचा हजारो वेळा वापरता येतो आणि जिची मागणी वर्षानुवर्षे खंडित होत नाही, ती वस्तू कारखान्याला मानवली. घर मानवले नाही.

या एका फरकात आजच्या विषयाचे निम्मे उत्तर दडलेले आहे. लोखंडी साच्याची किंमत त्यातून एक भिंत काढली काय किंवा हजार काढल्या काय, तेवढीच असते. कारखान्याची जागा, यंत्रे, क्रेन, पगार आणि कर्जाचे व्याज मागणी नसलेल्या महिन्यातही चालूच राहते. गावातला गवंडी काम नसेल तेव्हा शेतावर जातो, त्याचा भार कोणत्याही घराच्या किमतीत मिळवला जात नाही. कारखान्याला ही सोय नाही. अमेरिकेत कटेरा या कंपनीची २०१५ साली स्थापना झाली. सॉफ्टबँकेने तिच्यात सुमारे दोन अब्ज डॉलर ओतले. तमिळनाडूत कृष्णगिरी येथे कारखाना असलेली केईएफ इन्फ्रा ही कंपनीही २०१८ साली तिच्यात विलीन झाली. जून २०२१ मध्ये कटेराने दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटनमध्ये इल्के होम्स या कंपनीचे जून २०२३ मध्ये तेच झाले. या सर्वांपाशी तंत्र उत्तम होते, भांडवल होते, हुशार माणसेही होती. अखंड मागणी तेवढी नव्हती.

याउलट जेथे एकाच नमुन्याची हजारो घरे एका ठिकाणी लागतात तेथे हे तंत्र शोभून दिसते. सिडकोने नवी मुंबईत बामणडोंगरी येथे बारा मजल्यांच्या इमारतीतील ९६ सदनिका ९६ दिवसांत उभ्या केल्या, त्या याच पद्धतीने. पुण्याच्या बी. जी. शिर्के यांनी सिपोरेक्सचे हलके काँक्रीट आणि कारखान्यात ओतलेले खांब-तुळया यांच्या बळावर मोठमोठ्या वसाहती बांधल्या. या मराठी उद्योजकाचे काम परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींच्या गर्दीत विसरले जाऊ नये, एवढे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. केंद्राच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांचा पाया पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १ जानेवारी २०२१ रोजी घातला. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ अशी सहा शहरे, प्रत्येक ठिकाणी सुमारे हजार घरे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र. उद्दिष्ट बारा महिन्यांचे होते. चेन्नईची १,१५२ घरे २६ मे २०२२ रोजी लोकार्पित झाली, म्हणजे जवळजवळ सतरा महिन्यांनी. महामारीचा काळ लक्षात घेता ही गती वाखाणण्याजोगीच आहे. मात्र नव्या तंत्राचा वाढीव खर्च भागविण्यासाठी केंद्राने या घरांना वेगळे अनुदान दिले होते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे वेळ वाचला तरी पैसा आपोआप वाचत नाही, हे सरकारने हिशेबातच मान्य केले होते.

आता मध्यमवर्गीय कुटुंबाकडे वळावे. मुळशी, कर्जत, वाई किंवा दापोलीकडे दहा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा घेतलेला असतो. घरातील कर्ता पुरुष निवृत्त होतो, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते आणि त्याच सुमारास एखादे माहितीपत्रकही हाती पडते : ‘पंचेचाळीस दिवसांत तयार घर’. चित्रात हिरवळ असते, काचेचा दरवाजा असतो आणि खाली चौरस फुटाचा एक आकर्षक दर असतो. हा दर कशाचा, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

समजा, दर १,८०० रुपये आणि घर ६०० चौरस फुटांचे. किंमत झाली १० लाख ८० हजार. ही कारखान्याच्या दारातील किंमत. तयार इमारतीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे १ लाख ९४ हजार ४००. येथे एक बारकावा आहे. स्वतःच्या एकट्या घराचे काम साहित्य आपले आणि मजुरी गवंड्याची अशा पद्धतीने दिले, तर त्या निव्वळ मजुरीवर हा कर नाही; सिमेंट-पोलादावर तेवढा लागतो. कारखान्याच्या घरात कामगाराची मजुरी आणि मालकाचा नफा किमतीतच असतो, म्हणून कर सगळ्यावर बसतो. त्यानंतर वाहतूक. त्यानंतर क्रेन, ती तासावर येते आणि गावचा रस्ता अरुंद निघाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. मग जोता, कारण घर कारखान्यात झाले तरी जमीन कारखान्यात सपाट होत नाही. मग सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाण्याची टाकी, वीजजोडणी. या सर्वांना मिळून साडेचार लाख धरले, तर बेरीज १७ लाख २४ हजार ४०० होते. चौरस फुटाचा दर १,८०० वरून २,८७४ वर गेला. यात जमीन नाही, कुंपण नाही आणि विंधनविहीरही नाही.

जमेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घर दहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांत झाले आणि कुटुंब १५ हजारांच्या भाड्याच्या घरात राहत असेल, तर एक लाख पाच हजार वाचले. कर्ज असेल तर व्याजही वाचले. पावसाळ्यात काम अडकत नाही, ठेकेदार अर्ध्यावर सोडून जाण्याचे भय कमी होते, मापे अचूक असतात. परंतु सुट्टीसाठी बांधलेल्या घरात वाचायला भाडेच नसते. तेथे वेगाची किंमत फक्त उतावीळपणाची किंमत ठरते.

पैसे देण्याची रीतही पालटते, आणि धोका खरा येथे आहे. गवंड्याला जोत्याला एक हप्ता, स्लॅबला दुसरा, अशी रक्कम दिली जाते; काम थांबले तरी झालेले काम आपल्या जमिनीवर उभे असते. कारखाना मात्र माल निघण्यापूर्वीच बहुतेक रक्कम मागतो. तोपर्यंत घर दुसऱ्याच्या आवारात असते. बँकेचा अभियंता जागेवरील काम पाहून हप्ता सोडतो; जागेवर काहीच नसेल तर तो काय पाहणार? म्हणूनच अशा घरांना कर्ज मिळताना अडचण येते आणि निवृत्तीची पुंजी एकरकमी जाते.

मालवाहू कंटेनरचे घर हा या कुळातील आणखी एक प्रकार. वीस फुटी कंटेनरची रुंदी बाहेरून आठ फूट, आतून पावणेआठच्याही खाली. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून दोन्ही बाजूंनी उष्णतारोधक थर आणि तक्ते लावावे लागतात. मग सात फुटांच्या आसपास उरते. पलंग ठेवला की चालायला किती जागा राहील, हे घरातील गृहिणी क्षणात सांगेल. तिला कोणी विचारीत नाही.

‘घर बोल्टने बसवले आहे, उद्या हलवता येईल, म्हणून परवानगी लागत नाही,’ असे विक्रेते सर्रास सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. बोल्ट की सिमेंट हा मुद्दाच तेथे गौण आहे. बिगर-शेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर कुळकायद्याचे बंधन आहे ते निराळेच. हे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे तलाठी कार्यालयात आणि नियोजन प्राधिकरणाकडे चौकशी केल्यावाचून आगाऊ रक्कम देऊ नये.

राहिला गुंतवणुकीचा भाग. जपानमध्ये कारखान्यातील घरांची परंपरा जुनी आहे. सेकिसुई हाउस ही कंपनी १९६० साली स्थापन झाली, टोयोटासारखी मोटार कंपनीही या व्यवसायात उतरली. तेथे ही घरे स्वस्त म्हणून नव्हे, तर दर्जा आणि हमी यांसाठी घेतली जातात. तरीही जपानी करव्यवस्था घसाऱ्यासाठी लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षे धरते आणि तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पोलादी सांगाड्याच्या घराचे अवघे १९. काँक्रीटच्या घराला ४७ वर्षे मिळतात. बाजारातही जुन्या घराचे मोल झपाट्याने उतरते. टिकते ते जमिनीचे.

आपल्याकडे भाव वाढला की घराचा वाढला असे म्हणण्याची सवय आहे. वस्तुतः वाढतो तो जमिनीचा. वरच्याच उदाहरणात १५ लाखांची जमीन मिळवली तर गुंतवणूक ३२ लाख २४ हजारांची होते. घर पर्यटकांना दिले, वर्षातून ६० रात्री ते भरले आणि रात्रीला ४,००० मिळाले, तर उत्पन्न २ लाख ४० हजार. राखणदाराला महिना दहा हजार म्हणजे १ लाख २० हजार गेले. वीज, रंगकाम, आरक्षणाची दलाली यांत ५० हजार गेले. उरले ७० हजार, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहूनही कमी. जमिनीचा भाव वाढला तर तो लाभ घर न बांधताही मिळालाच असता. मोकळा प्लॉट विकायला निघाला तर गिऱ्हाईक स्वतःचे घर मनात आणून येतो. दुसऱ्याच्या आवडीचे पत्र्याचे घर कित्येकदा त्याला हटवण्याचा खर्च वाटते.

‘घर आमच्याकडे चालवायला द्या, वर्षाला दहा-बारा टक्के निश्चित देऊ,’ अशीही बोलणी होतात. १९९० नंतरच्या दशकात सागवानाच्या योजनांनी याच शब्दांत किती घरांची बचत गिळली, हे या पिढीला सांगायला नको. त्या अनुभवातूनच ‘सेबी’ने १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांची नियमावली आणली. झाडाऐवजी घर आले एवढाच फरक आहे.

ज्यांना हे घर राहण्यासाठीच हवे आहे त्यांनी ते जरूर घ्यावे, पण एक गोष्ट आधी पाहावी. आपल्या घरांची रीत वाढण्याची आहे. मुलाचे लग्न झाले की माडी चढते, आई-वडील गावाहून आले की पडवी बंद करून खोली होते. कारखान्यातून आलेला भाग तितकाच भार पेलतो जितका नकाशात लिहिला होता. माडीची शक्यता असेल तर सांगाडा आणि पाया त्या भाराचा आजच घ्यावा लागतो आणि त्याची किंमतही आजच द्यावी लागते. कोकणात तर खारा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांच्यापुढे प्रश्न भिंतीचा नसून सांध्यांचा, स्क्रूंचा आणि पत्र्याच्या कापलेल्या कडांचा असतो. जस्ताचा लेप जेथे कापला जातो तेथून गंज सुरू होतो. विक्रेत्याकडून नव्या नमुना-घराऐवजी चार पावसाळे काढलेल्या घराचा पत्ता मागावा, आणि ते पाहायला मे महिन्यात न जाता जुलैत जावे.